बाज्याची नावे

आमच्या मोहल्ल्यात वाजणाऱ्या प्रत्येक वस्तूला एकच शब्द आहे, 'बाजा'. लग्नातला बँड असो, मोहरमचा ताशा असो, की हळदीला येणारा ऑर्केस्ट्रा असो, सगळा बाजाच. आणि वाजवणारा तो बाजेवाला. या शब्दात थोडे कौतुक असते, पण त्याहून अधिक अंतर असते. बाजेवाल्याला लग्नात आग्रहाने बोलावतात, त्याच्या घरी मुलगी द्यायची वेळ आली की मात्र दहा वेळा विचार करतात. मी मंगरूळपीरचा. ज्या गावाच्या नावातच पीर आहे त्या गावात उरूस, संदल, कव्वाली यांची सवय कानाला लहानपणापासून होते. पण वाजवणाऱ्याच्या हाताखाली जी वस्तू असते तिच्या अंगोपांगांना काय म्हणतात, हे विचारण्याचा प्रसंग माझ्यावर वयाच्या ५४ व्या वर्षी आला.

तो आला माझ्या भाच्यामुळे. दुल्हेभाई वारले तेव्हा भाचा सातवीत होता. आपा दोन्ही लेकरांना घेऊन माझ्याकडे राहायला आली. पोराचे मन पुस्तकात कमी, बोटांत जास्त. शाळेच्या बँड पथकात १५ ऑगस्टला त्याच्या गळ्यात साईड ड्रम पडला आणि मग तो कायमचाच पडला. बारावी कशीबशी करून तो एका ऑर्केस्ट्रात शिरला. २०१६ साली त्याने स्वतःच्या कमाईतून एक जुना ड्रमसेट विकत घेतला. हळदीचे कार्यक्रम, गणपती, नवदुर्गा, १४ एप्रिलला भीमगीते, उरुसात कव्वाली, सगळीकडे तो सेट फिरला. वाशीम, रिसोड, कारंजा, मानोरा, कुठल्या गावचा मंडप त्याने पाहिला नाही असे नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि त्या वर्षीची लग्नसराई बुडाली. पुढे लग्ने सुरू झाली, पण लोकांना डीजे स्वस्त आणि सोपा वाटू लागला. ऑर्केस्ट्रा मोडला. २०२१ मध्ये भाचा एका कंत्राटदारामार्फत पुण्याला गोदामात कामाला लागला. सेट खोलून, चादरी आणि पोत्यांत बांधून, आमच्या मागच्या खोलीत ठेवला गेला. त्याच्यावर धान्याची कोठी आली, गाद्या आल्या.

गेल्या वर्षी त्याच्या धाकट्या बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फीचा आकडा ऐकून आपा दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला, "मामू, सेट बेच देते." त्याने मोबाईलवर जाहिरात टाकली. लोक विचारू लागले: स्नेअर किती इंची? हाय-हॅटचा क्लच आहे का? राईडला तडा तर नाही? या प्रश्नांची उत्तरे मागच्या खोलीत होती आणि खोलीची किल्ली माझ्याजवळ. मी एका उर्दू शाळेत मराठी शिकवतो. विभक्ती, समास, वृत्त यांची नावे मुलांकडून पाठ करून घेण्यात माझी २८ वर्षे गेली. आता इशाची नमाज झाली की भाचा पाळीवर जाण्याआधी व्हिडिओ कॉल करी आणि मी वही घेऊन बसे.

पहिला धडा स्टुलाचा होता. मला वाटले सुरुवात मोठ्या ढोलापासून होईल. तो म्हणाला, "नहीं मामू, पहले बैठो. बैठे बिना कौन सी चीज़ कहाँ, समझेगा नहीं." त्या गोल गादीच्या स्टुलाला इंग्रजीत 'थ्रोन' म्हणतात. मी विचारले, "म्हणजे तख्त?" तो हसला, "हां, बादशाह का." ड्रमसेटमध्ये प्रत्येक वस्तूची जागा बसणाऱ्याच्या गुडघ्यापासून आणि कोपरापासून ठरते. म्हणून तख्त आधी.

दुसरे नाव बेस ड्रम. आडवा ठेवलेला, २२ इंचांचा. तो पायाने वाजतो म्हणून ऑर्केस्ट्रातली पोरे त्याला 'किक' म्हणतात. पायाखालचा तो पेडल, त्याच्या दांडीच्या टोकाला जो गोळा कातड्यावर आदळतो तो बीटर. या मोठ्या ढोलाचा प्रवास मी नंतर वाचून काढला. उस्मानी तुर्कांच्या फौजेबरोबर 'मेहतर' नावाचे वाद्यपथक चाले. त्यात दावुल हा मोठा ढोल, नक्कारे आणि झांजा असत. अठराव्या शतकात युरोपच्या फौजांनी त्यांचे अनुकरण केले आणि ढोल व झांज तिकडच्या बँडमध्ये आणि वाद्यवृंदात गेले. पुढे इंग्रजी पलटणींबरोबर तीच वाद्ये बँड होऊन हिंदुस्थानात आली. मेरठच्या जली कोठीत त्यांचे कारखाने उभे राहिले. तिथली नादिर अली अँड कंपनी १८८५ सालची. आपल्याकडच्या कितीतरी बँडवाल्यांच्या खांद्यावर मेरठचेच पितळ असते.

आमच्या गल्लीत एक वयस्क उस्ताद आहेत. त्यांची स्वतःची बँड पार्टी होती, लाल कोट आणि सोनेरी झालरीची. मी नावे गोळा करतो आहे हे कळल्यावर ते काठी टेकत आले आणि खोलीच्या उंबऱ्यावर बसले. जुने लोक ड्रमसेटला 'जाझ' म्हणतात, तेही तसेच म्हणत. पेडल हातात घेऊन ते बराच वेळ खालीवर करीत राहिले. मग म्हणाले, "मास्टर, हमारे बँड में तीन आदमी थे. एक बेस, एक साईड, एक झांज. तुम्हारे भांजे के जाझ ने तीन का एक कर दिया. डीजे ने वो एक भी खा लिया."

उस्तादांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हिशेब होता. आणि तो हिशेब इतिहासाला धरून आहे. अमेरिकेतल्या नाट्यगृहांत आणि नाचघरांत जागा अपुरी आणि पैसा बेताचा, म्हणून दोन-तीन वादकांचे काम एकाच माणसाने बसून करावे अशी खटपट सुरू झाली. १९०९ साली लुडविग यांचा वेगवान पेडल आला आणि मोठा ढोल हातांकडून पायाकडे गेला. म्हणजे ड्रमसेट हे वाद्य जन्मालाच आले ते माणसे कमी करण्यासाठी. मग ऑक्टोपॅड आला, एका पाटीत सगळे आवाज. मग डीजे आला, पाटीवर मारणारे हातही नकोत. माझा भाचा या साखळीतली मधली कडी. आधीच्या कडीवर त्याने पोट भरले आणि पुढच्या कडीने त्याला पुण्याला पाठवले.

तिसरे नाव स्नेअर. १४ इंचांचा, उथळ, गुडघ्यांच्या मध्ये बसणारा. हाच शाळेच्या बँडमधला साईड ड्रम. त्याला दोन तोंडे असतात. वरच्या कातड्यावर काठी पडते आणि खालच्या पातळ कातड्याला पीळदार तारांची पट्टी चिकटून असते. त्या तारा थरथरल्या की 'छर्र' असा आवाज येतो. त्या तारांचेच नाव स्नेअर आणि त्यांच्यावरून ड्रमचे. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ फास, पारध्याचा फासा. उस्ताद सरळ 'तार' म्हणतात. बाजूला एक लहान खटका असतो. भाचा म्हणाला, "मामू, खटका नीचे करो, अब मारो." मारले, तर छर्र नाहीसे झाले आणि ड्रम नुसता घुमला. चार वर्षे पोत्यात राहूनही तारा शाबूत होत्या.

त्या दिवशी आपा दारात येऊन उभी राहिली. पोराने बाजा सोडावा म्हणून तिने किती दुआ मागितल्या होत्या हे मला माहीत आहे. शेजारच्या एका बुजुर्गांनी मला विचारलेही, "मास्टर, घरात हे काय सुरू केले?" वाद्यांबद्दल आपल्या उलेमांत मतभेद आहेत. निकाहाच्या आनंदात डफ वाजवायला मुभा आहे असे सांगणारेही त्यांच्यातच आहेत. मी त्या वादात पडलो नाही. म्हटले, मुलीच्या फीसाठी विकायचे आहे, विकण्याआधी मोजतो आहे. बुजुर्ग समाधानाने गेले. आपा मात्र आत आली आणि ओढणीच्या टोकाने स्नेअरची कड पुसू लागली. तिने नाव विचारले. मी म्हणालो, "या लोखंडी कड्याला रिम म्हणतात." ती म्हणाली, "इसी पे टक-टक करता था रात को."

चौथे नाव टॉम. दोन टॉम बेस ड्रमवर बसवलेले, १२ आणि १३ इंचांचे, आणि एक मोठा १६ इंची, तीन पायांवर जमिनीवर उभा, तो फ्लोअर टॉम. मला हे नाव एखाद्या इंग्रज पोराचे वाटले. शब्दकोशात पाहिले तर 'टॉम-टॉम' हा शब्द इंग्रजीत गेला तो हिंदुस्थानातूनच. हिंदीतल्या 'टमटम' या ढोलाच्या आवाजावरून तो घेतला असे कोशकार सांगतात. म्हणजे इथून गेलेला शब्द सातासमुद्रापलीकडे फिरून मंगरूळपीरच्या मागच्या खोलीत परत आला होता.

यानंतर मला आपल्या भाषेतल्या वाद्यांच्या नावांचा नाद लागला. 'तबला' अरबी 'तबल'वरून, 'नगारा' अरबी 'नक्कारा'वरून, 'डफ' तर जसाच्या तसा अरबी. 'ताशा' म्हणजे 'तास', वाडगा. ताशाचे भांडे पाहिले की नावाचा अर्थ डोळ्यांना दिसतो. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला बंजारा समाजाचा नंगारा आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. एका समाजाने आपली ओळख ज्या वाद्यात पाहिली त्याचे नाव अरबी मुळाचे आहे, आणि ते आता पूर्णपणे त्यांचे आहे. ताशा तर याहून दूर गेला. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर काम करायला जे हिंदुस्थानी मजूर त्रिनिदादला गेले त्यांच्याबरोबर तोही गेला. तिथे मोहरमला 'होसे' म्हणतात आणि आजही त्यात तासा वाजतो. शब्दांना पासपोर्ट लागत नाही. ते वाजवणाऱ्यांच्या गळ्यात अडकून जातात.

पाचवा धडा थाळ्यांचा. डावीकडे एकावर एक दोन थाळ्या, पायाने उघडमीट होणाऱ्या, त्या हाय-हॅट. वरची थाळी ज्या चिमट्याने दांडीला धरलेली असते तो क्लच. पूर्वी ही जोडी जमिनीलगत असे. १९२० च्या दशकात ती उंच दांडीवर चढली, म्हणून 'हाय'. मग क्रॅश, १६ इंची, फुटून निघणाऱ्या आवाजाची. आणि राईड, २० इंची, ज्याच्यावर ताल सारखा चालता ठेवतात. राईडच्या मध्यभागी जो उंचवटा असतो त्याला 'बेल' म्हणतात, घंटा. आपाला ही एकच थाळी ओळखीची होती. ती म्हणे "घंटी का थाल". मी वहीत तेही लिहिले.

जगातली सर्वांत प्रसिद्ध थाळी झिल्जियान नावाची. १६२३ साली इस्तंबूलमध्ये आवेदिस नावाच्या आर्मेनियन ख्रिस्ती कारागिराने हा व्यवसाय सुरू केला. 'झिल' म्हणजे तुर्कीत झांज. झिल्जियान म्हणजे झांज घडवणाऱ्याचे घराणे. हे नाव सुलतानाच्या दरबारातून मिळाले असे ते घराणे सांगते. त्यांचे वंशज पुढे अमेरिकेत गेले आणि तिथला कारखाना १९२९ पासून चालू आहे. माझे मन तिथेच अडकले. झांज घडवतो म्हणून एका माणसाला आडनाव मिळाले आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांनी ते अभिमानाने लावले. आमच्याकडे झांज वाजवतो म्हणून जे नाव मिळते ते पुढची पिढी लपवते.

उत्तम थाळी काशाची असते, सुमारे ऐंशी भाग तांबे आणि वीस भाग कथील. भाच्याच्या थाळ्या साध्या पितळेच्या होत्या. उस्तादांनी क्रॅशवर नख वाजवले आणि लगेच ओळखले. "पीतल है, मगर जान से रखी है." थाळी आणि दांडी यांच्यामध्ये जाड लोकरीची चकती असते. तिला इंग्रजीत फेल्ट म्हणतात, उस्ताद 'नमदा' म्हणाले. नमदा नसला तर धातूवर धातू घासून थाळीला तडा जातो. चारही नमदे जागेवर होते. रिकाम्या पोटी कार्यक्रम करून पहाटे तीनला घरी येणाऱ्या पोराने प्रत्येक वेळी ते मोजून पिशवीत ठेवले होते.

शेवटी बारीकसारीक वस्तू. ड्रमच्या अंगावर चिकटवलेला लग, त्यात जाणारा टेन्शन रॉड, आणि रॉड फिरवणारी चौकोनी तोंडाची लहान चावी. या चावीने कातडे समोरासमोर ताणायचे. एक बाजू कसली की तिच्या अगदी समोरची. कातडे म्हणायचे, पण ते आता प्लास्टिकचे. १९५७ साली रेमो कंपनीची प्लास्टिक कातडी निघाली, आणि पावसाळ्यात वासराचे चामडे सैल पडण्याची चिंता मिटली. उस्तादांना मात्र शेकोटीवर ताशा शेकल्याच्या रात्री आठवतात.

यादी ३४ नावांची झाली. वही पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. मराठीत तबल्याच्या अंगांना किती सुंदर नावे आहेत. पुडी, शाई, चाट, लव, गजरा, वादी, गठ्ठे. ज्या कड्यावर तबला बसतो ती चुंबळ, जी बायका घागरीखाली डोक्यावर ठेवतात तीच. ही नावे टिकली कारण उस्तादांनी ती शिष्यांना शिकवली आणि समाजाने ती ऐकून घेतली. अहमदजान थिरकवाँ साहेबांनी बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत तबला वाजवला, तेव्हा महाराष्ट्राने त्या हातांना मान दिला. बँडवाल्याच्या शब्दांना असा श्रोता मिळाला नाही. 'तार', 'नमदा', 'जाझ', 'घंटी का थाल' हे शब्द कोणत्याही मराठी पुस्तकात मी पाहिलेले नाहीत. जे ऐकून घेतले जात नाही त्याला लोक गोंगाट म्हणतात.

यादीचा फोटो मी भाच्याला पाठवला. रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "मामू, गोदाम में फॉर्म भरा था ना, उस में एक खाना था, काम का प्रकार. उन्होने लिखा, अकुशल." तो हे हसत सांगत होता. मी मराठीचा मास्तर, 'अकुशल' या शब्दाची फोड मुलांना फळ्यावर करून दाखवतो. चार हातपायांना चार वेगळी कामे एकाच वेळी करायला लावणारा, अंधाऱ्या मंडपात नुसत्या स्पर्शाने चावी फिरवून स्वर बसवणारा, ३४ वस्तूंची नावे आणि जागा झोपेत सांगणारा हा पोरगा. त्या फॉर्ममध्ये लिहिणाऱ्याचाही फार दोष नाही. आम्ही घरच्यांनी तरी त्याच्या कौशल्याला 'बाजा' यापलीकडे कोणता शब्द दिला होता?

सेट गेला. मालेगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने घेतला, १८,००० रुपयांना. सोयाबीन विकून आलेल्या पैशांतले ते पैसे होते. बाप-लेक छोटा हत्ती घेऊन आले. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा, भिडस्त. एकेक वस्तू गाडीत चढवताना मी नाव सांगत होतो आणि तो मागून म्हणत होता. थ्रोन, किक, बीटर, स्नेअर, तार, टॉम, क्लच, नमदा. बाप कौतुकाने पाहत होता. म्हणाला, "गुरुजी, हे सारं पाठ करा लागते काय?" मी म्हणालो, "पाठ करायची गरज नाही. रोज हात लावला की आपोआप येते." यादीची एक प्रत मी मुलाच्या खिशात दिली. आपाने चावी एका जुन्या रुमालात गुंडाळून त्याच्या हातात ठेवली आणि फक्त एवढे म्हणाली, "संभाल के, बेटा." मुलीची फी भरली गेली. भाचा अजून पुण्यालाच आहे.

ही गोष्ट मी दुःख सांगायला लिहिली नाही. आपल्या समाजात हाताच्या कामावर जगणारी किती घरे आहेत. बँडवाले, पिंजारी, मणियार, कल्हईवाले, घड्याळजी, गादीवाले, वेल्डर. प्रत्येक कामाच्या पोटात शेदोनशे शब्द असतात. त्यांतले काही अरबी-फारसीतून आलेले, काही वऱ्हाडीत मुरलेले, काही इंग्रजीचे रूप बदलून घेतलेले. काम थांबले की हे शब्द एका पिढीत जातात. आपण साहित्य संमेलने भरवतो, मुस्लिम मराठीची ओळख काय यावर परिसंवाद घेतो. ती ओळख या शब्दांतही आहे. तुमच्या घरात, गल्लीत असा कोणी कारागीर असेल तर त्याच्याजवळ वही घेऊन बसा. त्याच्या हत्याराला काय म्हणतात, त्या हत्याराच्या कोणत्या भागाला काय म्हणतात, ते विचारा. आमच्या उस्तादांना मी एकेक नाव विचारत गेलो तसे ते ताठ बसत गेले. आता ते दर जुम्याला असरनंतर येतात. सध्या आम्ही ताशाची नावे लिहितो आहोत.